थंड पाण्याचा नळ गरम का येतो, इथून सुरुवात करू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नवऱ्याला शारजात नोकरी लागली आहे, जूनअखेर अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन जायचंय. पुण्यात कामाला दोन बायका आहेत, तिथे सगळं एकटीवर येणार. एसी चोवीस तास लावायचा का, कपडे कुठे वाळवायचे, कामवाली मिळते का, इथून काय न्यायचं?

मी माहेरची कोल्हापूरची. सोळा वर्षं शारजात आहे आणि त्यातली चौदा वर्षं इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तक्रारी घेते. कुणाचा एसी गळतोय, कुणाच्या बाथरूमला वास येतोय, कुणाचा दरवाजा फुगलाय, हे दिवसभर ऐकायचं आणि माणूस पाठवायचा. त्यामुळे तुम्हाला जे सांगतेय ते थोडं घरचं, थोडं टेबलावरचं.

जूनमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबाचा पहिला फोन ठरलेला असतो. "आमचा गीझर बंदच होत नाही, थंड नळालाही चटका बसेल असं पाणी येतंय." गीझर बंदच असतो. इमारतीची टाकी गच्चीवर असते, पाइप उघड्यावरून आलेले असतात, आणि बाहेर पारा ४५ च्या पुढे. टाकीतलं पाणी रात्रीतही निवत नाही. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत निळ्या खुणेच्या नळाला गरम पाणी येणार हे धरूनच चला.

यावर इथली जुनी युक्ती अशी. गीझर मेमध्ये बंद करून टाकायचा आणि आंघोळीला लाल खुणेचा नळ सोडायचा. गीझरची टाकी बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये, म्हणजे घरातल्या थंडाव्यात असते. रात्रभर थांबलेलं पाणी त्यात थोडं निवतं. पण लोक सांगतात तितकी ही युक्ती थोर नाही. गीझरला उष्णता धरून ठेवण्यासाठीच वेष्टण दिलेलं असतं, त्यामुळे पाणी कोमट मिळतं आणि तेही एका माणसापुरतं. माझा भरवसा बादल्यांवर. रात्री दोन बादल्या आणि एक टब भरून बाथरूममध्ये ठेवायचा, दार किलकिलं ठेवायचं म्हणजे एसीची हवा लागते. सकाळी आपल्याकडच्या फेब्रुवारीतल्या नळासारखं पाणी मिळतं. मात्र घरात लहान मूल आहे, तेव्हा भरलेली बादली झाकून ठेवा आणि त्या बाथरूमला बाहेरून कडी घाला. मुलाला कधीही थेट शॉवरखाली उभं करू नका. दुपारी गच्चीवरच्या पाइपात तापलेलं पाणी आधी येतं, ते सर्वांत गरम असतं. नोव्हेंबरात गीझर पुन्हा लावाल तेव्हा पहिल्यांदा पूर्ण तापू द्या, ते पाणी थोडा वेळ वाहू द्या, मग वापरा. महिनोन् महिने कोमट साठून राहिलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

हेच पाणी वॉशिंग मशीनलाही जातं, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. मशीनवर 'कोल्ड' लावलं तरी आत येतं ते टाकीचं गरम पाणी, कारण मशीन पाणी तापवू शकतं, गार करू शकत नाही. माझी इरकल साडी आणि नवऱ्याचे तीन पांढरे शर्ट यांची पहिल्याच जुलैत अशी गाठ पडली. शर्ट गुलाबी झाले. आता रंग जाणारे सुती कपडे मी पहाटे लावते, टाकी सर्वांत कमी तापलेली असते तेव्हा. साड्या तर बादलीत साठवलेल्या पाण्यातच.

आता एसी. हो, तो चालूच राहणार, घरी असा किंवा नसा. ही उधळपट्टी वाटते, मलाही वाटली होती. पहिल्या वर्षी आम्ही पाच आठवडे कोल्हापूरला गेलो तेव्हा बिल वाचवायचं म्हणून मी जाताना मेन स्विचच खाली केला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आलो. दार उघडलं तर गणपतीनंतर बंद राहिलेल्या कोकणातल्या घरात येतो तसा वास. नवऱ्याचा तबला कपाटावर होता. खोळ काढली तर डग्ग्याच्या पुडीवर हिरवट-पांढरी लव, चामड्याच्या वाद्यांवर काळे ठिपके. चपलांचे पट्टे, पर्स, लग्नातल्या अल्बमची पानं, सगळ्यावर तेच. गादी टाकून द्यावी लागली. वाचलेल्या बिलाच्या कितीतरी पट खर्च झाला, आणि डग्गा पुन्हा मढवायला भारतातच न्यावा लागला.

हे उन्हाने झालं नाही. शारजा-दुबई समुद्रावर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात हवेत इतका ओलावा असतो की पहाटे खिडकीच्या काचेला बाहेरून पाणी सुटतं, चष्मा लावून लिफ्टमधून बाहेर पडलात की पुसेपर्यंत काही दिसत नाही. एसी खोली गार करतो तसं हवेतलं पाणीही काढतो. एका एसीतून दमट दिवसांत बादलीभर पाणी सहज निघतं. तो बंद केलात की ते सगळं पाणी कपाटात, गादीत, पुस्तकांत जाऊन बसतं. म्हणून सुट्टीवर जाताना एसी २७-२८ वर ठेवून जायचं, कपाटांची दारं उघडी टाकायची, आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर पंखा 'ऑटो'वर आहे ना ते बघायचं.

हा 'ऑटो'चा मुद्दा जरा थांबून सांगते, कारण दहातली आठ घरं इथे चुकतात. छतातल्या डक्ट एसीच्या थर्मोस्टॅटवर पंख्याला दोन खुणा असतात, 'ऑन' आणि 'ऑटो'. 'ऑन'वर ठेवलं की थंडावा थांबल्यावरही पंखा फिरत राहतो. आतल्या ओल्या कॉइलवर जमलेलं पाणी खाली नळीत उतरायच्या आत तीच हवा ते उचलून पुन्हा खोलीत आणते. मग घर गार असूनही चादरी दमट लागतात, आणि गारवा कमी पडतोय असं वाटून माणूस एसी १८ वर नेतो. त्यात बाल्कनीचं दार जरा उघडं राहिलं की बाहेरची दमट हवा थंड जाळीवर येऊन दंव धरते, थेंब सोफ्यावर पडतात, आणि मला फोन येतो, "एसी गळतोय." आमचा माणूस जातो, दार लावतो आणि परत येतो.

किती वर ठेवायचा? २४ वर. भारतातही १ जानेवारी २०२० पासून नवे घरगुती एसी सुरू करताना २४ वरच येतात, आणि ऊर्जा दक्षता ब्यूरोचं म्हणणं आहे की एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. शिवाय एक साधा उभा पंखा घ्या. इथल्या फ्लॅटमध्ये छताला पंखा नसतो, बऱ्याच ठिकाणी हूकही नसतो, आणि आपल्या माणसाला अंगावर वारा लागल्याशिवाय झोप येत नाही. पंखा लावून २५-२६ वर निवांत झोप लागते. बाथरूमचा एक्झॉस्ट मात्र दिवसभर चालू ठेवू नका. तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच बाहेरची दमट हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आत येते. आंघोळीनंतर वीस मिनिटं पुरे.

जाळीतला फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून नळाखाली धुवा, वाळवून बसवा. जून-जुलैत शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटतो, तेव्हा आठवड्यालाच. सर्व्हिसला माणूस येईल तेव्हा नुसता फिल्टर झटकून निघाला तर सोडू नका. त्याला वरच्या ट्रेमध्ये मगभर पाणी ओतायला लावा आणि ते लगेच उतरतंय का ते स्टुलावर चढून स्वतः बघा. त्या नळीत शेवाळासारखा बुळबुळीत गाळ साचतो. ती तुंबली की पाणी फॉल्स सीलिंगवर साठतं, आणि एके दिवशी जिप्समचा तुकडा ओला होऊन खाली येतो. एक अगदी व्यवहाराची गोष्ट: १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. एसीचं बाहेरचं युनिट गच्चीवर असेल तर दुपारी एकला केलेल्या फोनवर माणूस तीननंतरच वर चढेल. एसी नीट गार करत नाही असं रात्री वाटलं तर सकाळी सातला तक्रार नोंदवा, जेवणाची वाट बघू नका.

बिलाचं म्हणाल तर आमचं ऑगस्टचं बिल जानेवारीच्या अडीचपट येतं. घर घेताना एजंटला विचारा, एसी इमारतीचा आहे की तुमच्या मीटरवर. 'चिलर फ्री' म्हणजे थंडाव्याचं बिल मालकाकडे. जिथे कूलिंगची वेगळी कंपनी असते तिथे तुम्ही महिनाभर भारतात असलात तरी ठरावीक आकार येतोच. उद्या दुबईत घर केलंत तर तिथल्या वीज-पाणी बिलात वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्कही महिन्या-महिन्याने येतं. बिल चुकलंय म्हणून भांडायला जाऊ नका, मी गेले होते.

बाथरूमच्या वासाच्या तक्रारी तर भरपूर. जमिनीवरच्या जाळीखाली वाकड्या नळीत थोडं पाणी साठलेलं असतं, ते गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. पाहुण्यांच्या, न वापरलेल्या बाथरूममध्ये ते पाणी काही दिवसांत आटतं. मग वास येतो, आणि लोक फिनेलच्या बाटल्या ओततात. दर शनिवारी प्रत्येक जाळीत एक मग साधं पाणी ओता. सुट्टीवर जाताना पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, तवंगामुळे पाणी उडत नाही. झुरळांसाठी जेल पुरतं. जास्त त्रास असेल तर नगरपालिकेची परवानगी असलेली कंपनीच बोलवा, आणि 'ढेकणांवर जालीम' म्हणून कुणी गोळ्या देऊ केल्या तर घरात आणू नका. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांना ओल लागली की विषारी वायू सुटतो, भिंतीतल्या फटींतून शेजारच्या घरात जातो, आणि त्याने इथे मुलं दगावली आहेत. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा विचित्र वास आला आणि घरात उलट्या सुरू झाल्या तर अन्नातून विषबाधा समजून बसू नका. आधी सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि मदत बोलवा.

कपडे. बाल्कनीत दोरी बांधून वाळवणं दुबईत आणि शारजात दोन्हीकडे चालत नाही, रस्त्यावरून दिसले तर दंड होतो. कठड्याच्या उंचीखाली स्टँड ठेवला तर सहसा कुणी काही म्हणत नाही, पण इमारतीचा नियम आधी नातूरला विचारा. नातूर म्हणजे वॉचमन, हा शब्द पहिल्या दिवशी लागेल. मे-जूनच्या कोरड्या दुपारी टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा कडक होतो आणि रंग विटतो. ऑगस्टमध्ये तोच टॉवेल बाल्कनीत दिवसभर ओलसर राहतो आणि वास धरतो. त्यामुळे मी उन्हाळाभर आतच वाळवते, पण हॉलमध्ये पसारा न मांडता एका खोलीत, दार लावून, एसी २५ वर आणि पंखा कपड्यांवर. पाच किलो कपडे पिळून निघाले तरी त्यांत अडीच-तीन लिटर पाणी असतं, ते शेवटी एसीलाच काढावं लागतं. म्हणून मशीनची पिळण्याची गती जास्तीत जास्त ठेवा. इस्त्री घरी करण्यात अर्थ नाही. प्रत्येक गल्लीत लाँड्री असते, पोरगा दारातून कपडे नेतो, हँगरवर आणून देतो.

कामवालीबद्दल सावध राहा. लिफ्टमध्ये कुणी ना कुणी नंबर देईल, "तासावर येते, चांगली आहे." दुसऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला कामावर ठेवणं बेकायदा आहे, दंड हजारो दिरहमचा असतो आणि तिचं तर त्याहून वाईट होतं. सफाई कंपनीकडून तासावर माणूस मिळतो, आठवड्यातून एकदा तीन तास, एवढ्यात दोन बेडरूमचं घर चकाचक होतं. रोजची धुणीभांडी आपलीच. पण पुण्यात बाई न आल्याच्या दिवशी जेवढी चिडचिड होते तेवढी इथे होत नाही, कारण वीज जात नाही, पाणी जात नाही, आणि कोथिंबिरीची एक जुडी सांगितली तरी खालच्या ग्रोसरीचा मल्याळी पोरगा वर आणून देतो. आमच्या ग्रोसरीवाल्याला आता "दही लावायचंय, विरजण आहे का?" एवढं मराठी समजतं.

विरजणाचं निघालंच तर, एसीच्या घरात दही लागत नाही आणि बाल्कनीत तीन तासांत आंबट होतं. ओव्हन बंद ठेवून आतला दिवा लावायचा आणि पातेलं आत ठेवायचं, रात्रीतून चाकूने कापावं असं लागतं. इडलीच्या पिठालाही तेच. रवा, बेसन, डाळी आणल्या की आधी चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये, मग डब्यात, नाहीतर पोरकिडे होतात. कोळंबी-मासळीची सालं आणि काटे पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि कचरा टाकायच्या वेळीच बाहेर काढा. उन्हाळ्यात कचऱ्याच्या खोलीत तासाभरात काय होतं ते मजल्यावरचे शेजारी तुम्हाला ऐकवतील. प्यायला पाच गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची बाटली दारात येते. नळाचं पाणी समुद्राचं खारेपण काढून केलेलं असतं, स्वयंपाकाला आम्ही तेच वापरतो. बाटल्या मात्र बाल्कनीत उन्हात ठेवू नका. गाडीतही पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर किंवा सेंटची बाटली दुपारी राहू देऊ नका. मुलाला सीटवर बसवायच्या आधी पट्ट्याचं लोखंडी बक्कल हाताने चाचपून बघायचं, ही सवयच लावून घ्या.

तुळस आणायचा विचार असेलच. तिला पूर्वेची खिडकी द्या, पश्चिमेच्या बाल्कनीत ती जूनमध्ये करपते. पाणी पहाटे, आणि नळीतून सोडलंत तर पहिली धार वाया जाऊ द्या, ती मुळं शिजवते. एसीचं पाणी झाडांना चालतं.

आणायचं काय, तर फार नाही. मेतकूट, भाजणी, कोकम, कुळीथ सगळं इथे मिळतं. अल आदिलची दुकानं एका मराठी कुटुंबाचीच आहेत. कुकरच्या तुमच्या मापाच्या दोन रिंग आणि शिट्टी आणा. भाकरीचा तवा आणण्याआधी नवऱ्याला शेगडी कोणती आहे ते बघायला सांगा. शारजात बऱ्याच घरांत गॅस असतो, नव्या इमारतींत काचेची विजेची शेगडी, तिच्यावर खोलगट तवा तापत नाही आणि भाकरी फुगवायला जाळी लागते. मिक्सर चालतो, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टच्या आसपास आणि ५० हर्ट्झ. फक्त इथला प्लग चौकोनी तीन पिनांचा. स्वस्तातल्या अडॅप्टरवर मिक्सर आणि इस्त्री चालवू नका, ते वितळलेले मी डझनभर पाहिलेत. खालच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात प्लगच बदलून घ्या.

आणि खसखस आणू नका. चिमूटभरही नाही. ती इथे बंदी असलेल्या अमली पदार्थांत धरतात आणि विमानतळावर सापडली तर तुरुंगापर्यंत प्रकरण जातं. आई-सासूबाई गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला करून देणार असतील तर आताच सांगून ठेवा, खसखस न घालता. अनारसे सोबत देणार असतील तर तेही तिळावर थापलेले. मुलाच्या औषधांत खोकल्याचं काही असेल तर त्यात कोडीन नाही ना ते डॉक्टरांना विचारा, आणि प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा.

मुलाला खेळायला कुठे न्यायचं हेही मनात येणारच. दिवसा मॉल किंवा इमारतीतली खेळायची खोली, आणि बाग रात्री. उन्हाळ्यात इथल्या बागा रात्री नऊला भरतात, घसरगुंडीवर पोरांची रांग असते, आया थर्मासमधला चहा पीत बसलेल्या असतात. तुमच्या घराच्या आसपास कोणती बाग आहे ते पोहोचलात की कळवा.

तुमचं विमान उतरेल त्याच्या आदल्या रात्री नवऱ्याला दोन बादल्या भरून ठेवायला सांगा.